दादाच्या रक्ताचा कागद

माझ्या दादाच्या डाव्या हाताची शीर डोळे मिटूनही सापडायची. कोपराच्या आतल्या बाजूला, जरा बाहेरच्या अंगाला, बोट ठेवलं की लगेच लागायची. मी गेली बावीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढते. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, एकही गल्ली सोडली नाही. सुकलेल्या म्हाताऱ्या बघितल्या, सुई दिसताच आडवे होणारे पैलवान बघितले. पण दादासारखी शीर एकाचीही नव्हती. त्याला तसं सांगितलं की म्हणायचा, "चला, एक तरी गोष्ट सरळ आहे ना आपल्यात."

तो मला मच्छर म्हणायचा. दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी मी मुलुंडहून, माझ्या सासरहून, घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या घरी यायचे. पायऱ्या चढून धाप लागलेली असायची. हा उंबऱ्यावर बाही दुमडून तयार बसलेला. "बाबा, मच्छर आली, चहा टाका," असं आत ओरडायचा. मी म्हणायचे, "गप रे, आधी सांग, रात्री गोळी किती वाजता घेतलीस?" कारण त्या तपासणीचा तोच नियम होता. रात्रीची गोळी आणि रक्त यांच्यात बरोबर बारा तास हवेत, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. दादाने तो नियम कधी मोडला नाही. नऊला गोळी म्हणजे नऊला गोळी. मोजून काम करायची त्याला सवयच होती. साकीनाक्याला एका गाळ्यात तो लेथवर होता, लोखंडाचे दांडे कातायचा, आणि केसभर फरक राहिला तरी त्याला चैन पडायचं नाही.

ती गोळी लिथियमची होती. दादाला बायपोलर होता. आता मी हा शब्द सहज लिहिते, पण तो आमच्या घरात यायला फार उशीर झाला.

तो एकतीस वर्षांचा असताना पहिल्यांदा वर गेला. वर जाणं हा आमच्या घरातला शब्द. जयंतीचे दिवस होते. त्याने दोन दिवसांत आमच्या गल्लीतली सगळी दारं निळी रंगवली, कुणाला न विचारता. लोक हसले, बरं दिसतंय म्हणाले. मग त्याची झोप गेली. बोलणं थांबेना. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहाटे चालत निघाला तो थेट दहिसरच्या चेक नाक्यावर. तिथे गाड्या तुंबतात आणि त्या कशा सोडवायच्या ते फक्त आपल्यालाच कळलंय, असं त्याला वाटलं होतं. पोलिसांनी संध्याकाळी आणून सोडला. पायाला फोड आलेले, चेहरा आनंदाने नुसता फुललेला. त्यानंतर तो खाली आला, आणि दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. अंघोळ नाही, बोलणं नाही. मी भात कालवून तोंडाशी धरायचे तेव्हा दोन घास घ्यायचा.

आमची आई आम्ही शाळेत असतानाच गेली. घरात बाबा, दादा आणि मी. आमच्या घरात देव नाहीत, त्यामुळे भूतंही नाहीत. शेजारची बाई म्हणाली, बाहेरचं असेल, एकदा दाखवून आणा. बाबांनी तिला दारातूनच परत पाठवलं. तेव्हा मला बाबांचा अभिमान वाटला. पण नंतर विचार केला. भूत नाही, करणी नाही, आजार हा शब्द अजून आलेला नाही, मग उरलं काय? उरला दादा. सगळं त्याच्याच डोक्यावर आलं. वर गेला की बाबा म्हणायचे, "माजलंय ते." खाली आला की म्हणायचे, "कामचुकार झालंय." सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हाही बाबांनी मान हलवली आणि एकच विचारलं, "पण हे दिसतंय कशात?"

बाबांचं हे विचारणं मला कळतं. ते परभणीकडचे. अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईत आले आणि बँकेत शिपाई म्हणून लागले. जन्मभर या टेबलावरचा कागद त्या टेबलावर नेला. कागदावर सही आहे, शिक्का आहे, तर गोष्ट खरी. नाही तर नुसत्या गप्पा. आमचे शाळेचे दाखले, जातीचे दाखले, त्यांच्या नेमणुकीचं पत्र, सगळं पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून. "कागदानं आपल्याला माणूस केलं बाई," असं ते मला म्हणायचे. ते काही खोटं नव्हतं. गावात त्यांच्या बापाच्या शब्दाला कुणी विचारत नव्हतं, इथे त्यांच्या हातातल्या कागदासाठी मॅनेजर खुर्चीतून अर्धा उठायचा. अशा माणसाला डॉक्टरीणबाई सांगत होती की तुमच्या मुलाला मोठा आजार आहे, पण तो रक्तात दिसत नाही, फोटोत दिसत नाही, कुठेच दिसत नाही. आम्ही विचारपूस करतो, त्यावरून ठरवतो.

लिथियमने दादा सावरला. पुन्हा कामाला लागला. आणि मग एक गंमत झाली. दर वेळी मी रिपोर्ट आणायचे, त्यावर एक आकडा असायचा, शून्य पॉइंट सात, कधी आठ. रक्तात लिथियम किती आहे त्याचा तो आकडा. बाबा तो घेऊन कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात लिहायचे, निळ्या पेनाने, टपोऱ्या अक्षरात. आकडा बरोबर आहे म्हणजे पोरगा बरोबर आहे. माजलंय हा शब्द हळूहळू कमी झाला. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

दादाला मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. एकदा तो मला म्हणाला, "मच्छर, हा आकडा गोळीचा आहे. माझा कुठे आहे? उद्या तू लिथियम खाल्लंस तर तुझ्याही रक्तात येईल." मी म्हटलं, "मग तुला काय हवंय?" तो म्हणाला, "आमच्याकडे कातायचा जॉब हातात आला की आधी माप घेतात. किती वाकडा आहे, कुठे वाकडा आहे, ते मोजल्याशिवाय मशीनला लावत नाहीत. माझ्या डोक्याचं माप कुणी घेतलंच नाही, यार. नुसतं विचारतात, झोप लागते का, खर्च जास्त करता का. हे काय माप झालं?" मग म्हणाला, "एक कागद पाहिजे मला. ज्यावर लिहिलं असेल की हे ह्याच्या रक्तात आहे, ह्याच्या वागण्यात नाही. तो बाबांच्या हातात द्यायचाय."

हे त्याने मला अगदी सरळ सांगितलं. चाळिशी उलटलेला माणूस, बापाला दाखवायला कागद मागत होता.

त्यानंतर एका मोठ्या रुग्णालयात असंच काही काम चाललंय असं डॉक्टरीणबाईंकडून कळलं. बायपोलर असलेल्या माणसांचं रक्त घेऊन त्यात काही खूण सापडते का ते शोधत होते. दादा आनंदाने उडालाच. मी त्याच्याबरोबर गेले. तिथे एक तरुण मुलगी होती, फार नीट समजावून सांगितलं तिने. साखरेचा आजार रक्तात दिसतो, थायरॉइडचा दिसतो, पण या आजाराला अजून तशी खूण नाही. शरीरात कुठे बारीक सूज असते का, मेंदूच्या पेशींना पोसणारं एक प्रथिन असतं ते कमीजास्त होतं का, असं ते बघत होते. खात्री अजून कशाचीच नाही, म्हणाली. आणि शेवटी, "एकेका माणसाला रिपोर्ट मिळणार नाही. हे सगळ्यांचं एकत्र करून बघायचं काम आहे." फॉर्मवरही तसं लिहिलेलं होतं. दादाने सही केली. मी बघितलं, ती ओळ त्याने वाचली आणि वाचली नाही.

त्यांना आजार नसलेल्या रक्ताच्या नातेवाइकांचंही रक्त हवं होतं, ताडून बघायला. मी दिलं. दादा तिथे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज मच्छरचंच रक्त काढलं," आणि ती मुलगीही हसली. घरी येऊन त्याने बाबांना विचारलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, "मला काय झालंय?"

"तुम्हाला काही झालं नाही म्हणूनच पाहिजे, बाबा," दादा म्हणाला. "तुमचं आणि माझं ताडून बघतील. काय कुठून आलं ते कळेल."

"माझ्याकडून काही आलेलं नाही," बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

दादाने पुन्हा कधी विषय काढला नाही. मला मात्र दर वेळी विचारायचा, "माझा रिपोर्ट आला का गं?" मी म्हणायचे, "येईल रे. वेळ लागतो." मला माहीत होतं येणार नाही. पण विचारताना त्याचा चेहरा असा व्हायचा की माझी जीभ रेटायची नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इतका वेळ टाळत होते.

त्या रविवारी माझ्या सासूबाई पडल्या होत्या, पाय सुजलेला. मी पहाटेच उठून त्यांचं सगळं करून निघाले, घाईत. वाटेत दोन घरची सॅम्पल्स घेतली. डोंगर चढून दादासमोर बसले, पट्टा बांधला, शीर सापडली, आणि बॅगेत हात घातला तर लाल टोपीची ट्यूब एकही नाही. होत्या त्या दोन्ही वाटेतल्या घरांत संपल्या होत्या. लिथियमसाठी आम्ही लाल टोपीची, साधी ट्यूब वापरतो. बॅगेत हिरव्या टोपीच्या होत्या. तातडीच्या काही तपासण्यांना त्या लागतात, त्यात रक्त गोठत नाही. मी मनात म्हटलं, काय फरक पडतो, वरचं पिवळं पाणीच तर हवंय. हिरवी घेतली आणि भरली.

दुसऱ्या कुणाचं सॅम्पल असतं तर लॅबमध्ये कुणीतरी टोपी बघून परत पाठवलं असतं. पण हे घरचं. मी स्वतःच लॅबमध्ये गेले, स्वतःच ट्यूब मशीनमध्ये फिरवली, वरचं पिवळं पाणी एका छोट्या कपात काढलं, कपावर दादाचं नाव चिकटवलं आणि ट्यूब फेकून दिली. पुढच्या टेबलावरच्या माणसाला फक्त कप दिसला. घरचं काम स्वतःच्या हाताने केलं याचा मला तेव्हा अभिमानच होता.

आकडा आला तो दोनाच्या वर. एवढा आकडा म्हणजे लिथियमचं विष होतं, मूत्रपिंडावर जातं, मेंदूवर जातं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, गोळ्या ताबडतोब बंद, दाखल करा. मी दादाला फोन केला तर हा आरामात अंघोळ करून वरण-भात खात होता.

"मला काही होत नाहीये, मच्छर," तो म्हणाला. "हात थरथरत नाही, उलटी नाही, काही नाही. तू एकदा ते मशीन तपास ना. आमच्याकडे एखादा जॉब असा वेडावाकडा निघाला तर आम्ही जॉबला शिव्या नाही देत. आधी माप घ्यायचा मायक्रोमीटर तपासतो."

"मला माझं काम शिकवू नकोस," मी म्हटलं. "बावीस वर्षं करतेय. मुकाट्याने रिक्षात बस."

हेच शब्द. यातला एकही मी विसरलेली नाही.

दाखल केलं. लिथियमची तपासणी तिथे सुट्टीच्या दिवशी होत नव्हती आणि सोमवारीही सुट्टी होती, त्यामुळे माझा कागदच सगळ्यांनी धरला. सलाईन लावलं, गोळ्या बंद ठेवल्या. मंगळवारी पुन्हा रक्त घेतलं तर आकडा खाली आलेला, अगदी थोडा उरलेला. येणारच ना, गोळीच बंद होती. सगळे म्हणाले, वाचला. मीही म्हटलं. चूक अशी झाकली गेली की शोधूनही सापडली नसती. डॉक्टरीणबाईंना पुन्हा कमी गोळीवर लिथियम चालू करायचं होतं. पण बाबा मधे उभे राहिले. माझा रिपोर्ट त्यांनी प्लास्टिकमध्ये घातला होता, तो पुढे धरला. "हे विष आहे. कागदावर आहे. पुन्हा नाही द्यायचं," म्हणाले. दादा बाबांकडे बघत राहिला. त्याच्या बाजूने बाप कुणाशी तरी भांडतोय हे तो पहिल्यांदाच बघत होता. मायक्रोमीटरचं त्याने पुन्हा काढलं नाही. बाईंनी दुसऱ्या गोळ्या दिल्या, त्या हळूहळू लागू पडतील म्हणाल्या.

त्या लागू पडायच्या आधीच तो वर गेला. सहा-सात आठवड्यांत. आधी झोप गेली, मग बोलणं वाढलं, मग गाळ्यात मालकालाच लेथ शिकवायला लागला. आम्हाला दिसत होतं. पुढच्या आठवड्यात बाईंकडे न्यायचं ठरलं होतं, तारीखही मिळाली होती. त्याआधीच एका सकाळी तो बस पकडून दहिसरच्या चेक नाक्यावर गेला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाड्या सोडवायला लागला. तिथला एक चहावाला मला नंतर म्हणाला, "ताई, तासभर गाड्या त्यांचं ऐकत होत्या. छान करत होते ते." मग एका टेम्पोने ऐकलं नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी तेव्हा भांडुपला एका म्हातारीचं रक्त काढत होते, फोन वाजला तो मी कापला, कारण सुई हातात होती.

बाबा रडले नाहीत. स्मशानातून आल्यावर त्यांनी कॅलेंडरचं ते पान फाडलं, ज्यावर दोनाच्या वरचा आकडा लिहिला होता, आणि माझ्या रिपोर्टबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलं. दादाच्या शाळेच्या दाखल्यावर. कुणी भेटायला आलं की ते काढून दाखवायचे. "त्याच्या रक्तातच विष झालं होतं. ते पोरगं काय करणार? मी त्याला जन्मभर माजलाय म्हणलो. त्याचा काहीच दोष नव्हता, हे बघा, कागद आहे." लोक कागद बघायचे आणि माना हलवायचे. मी शेजारी बसून असायचे. मला वाटायचं, दादा, मिळाला रे तुझा कागद. उशिरा का होईना, बाबांच्या हातात पडला.

आणि मग, दादाला जाऊन आठ महिने झाले असतील, आमच्या लॅबमध्ये एक नवीन मुलगी आली. नुकतीच शिकून आलेली, वीस-एकवीस वर्षांची. तिच्यासमोर एक सॅम्पल आलं, लिथियमसाठी, हिरव्या टोपीत. तिने ते बाजूला काढून ठेवलं. मी विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "मॅडम, लिथियमला हिरवी चालत नाही ना. रक्त गोठू नये म्हणून यात जे औषध असतं, त्यातच लिथियम असतं. आकडा उगाच वाढून येतो." आणि ट्यूब माझ्यासमोर धरली. बाजूला बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. बावीस वर्षं मी ती ट्यूब हाताळली. शिकताना हे मलाही सांगितलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेन. लालच वापरायची एवढं हाताला माहीत होतं, का ते डोक्यातून गेलं होतं.

मी तिथेच स्टुलावर बसले. त्या मुलीला वाटलं माझी साखर कमी झाली, तिने बिस्किटं आणून दिली. मला ती लाल ट्यूब संपलेली सकाळ दिसत होती. वरण-भात खाणारा दादा दिसत होता, आधी मायक्रोमीटर तपास म्हणणारा.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मग म्हणाल्या, "माझीही चूक आहे. त्याला काही त्रास होत नव्हता, मी पुन्हा तपासायला हवं होतं. तुम्ही स्वतः लॅबमधल्या, म्हणून विचारलं नाही." वर असंही म्हणाल्या की लिथियमवर असतानाही लोक वर जातात, सगळं एका ट्यूबवर घालू नका. मला त्यांचा राग आला. मला शिव्या ऐकायच्या होत्या आणि ही बाई मला समजून घेत होती.

बाबांना सांगायचं की नाही, यात माझे दीड महिने गेले. न सांगितलं तर त्यांच्याकडे कागद होता, पोर निर्दोष असल्याचा दाखला होता. सांगितलं तर तो मी हिसकावून घेत होते. नवरा म्हणाला, "म्हातारा माणूस आहे, राहू दे ना." मलाही तेच पाहिजे होतं. पण जो आला त्याच्यासमोर बाबा तो आकडा काढायचे, आणि दर वेळी मला वाटायचं, मीच समोर बसून दादाला पुन्हा एकदा सांगतेय, मला माझं काम शिकवू नकोस.

शेवटी एका रविवारी गेले. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. दुपारची वेळ, बाबा टेबलापाशी बसून शेंगा सोलत होते. मी बरोबर दोन्ही ट्यूब नेल्या होत्या, लाल आणि हिरवी. समोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. लाल संपली तिथपासून, मायक्रोमीटर, मी काय बोलले तेसुद्धा. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा लावला आणि हिरव्या ट्यूबवरची बारीक अक्षरं बघत बसले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, तरी बघत बसले.

"म्हणजे त्याच्या रक्तात विष नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, बाबा. माझ्या ट्यूबमुळे तसं दिसलं."

"रक्त चांगलं होतं त्याचं."

"हो."

त्यांनी ट्यूब खाली ठेवली. माझ्या चुकीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा नाही आणि आजपर्यंत नाही. मी वाट बघत होते, बोला काहीतरी, घराबाहेर काढा मला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग ते आजारी नव्हतं का गं?"

"होता, बाबा. आजारीच होता."

"कशावरून?"

बावीस वर्षं रक्ताचे रिपोर्ट वाटणारी बाई मी. निळी दारं होती, भिंतीकडे तोंड करून काढलेले दोन महिने होते, पायाचे फोड होते. पण त्यांना दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता.

"तसा कागद अजून निघालाच नाही, बाबा," मी म्हटलं. "शोधतायत. दादाचं रक्त त्यासाठीच घेतलं होतं. माझंही."

बाबांनी शेंगांची टरफलं हाताने बाजूला सारली. मग म्हणाले, "माझंही मागितलं होतं त्यानं." मला ऐकवायला म्हणाले नाहीत, स्वतःशीच. आणि शर्टाच्या डाव्या बाहीचं बटण काढलं, बाही घडी घालत घालत कोपराच्या वर नेली, आणि हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून, दादा ठेवायचा तसाच.

"घे," ते म्हणाले. "त्या लोकांना नेऊन दे. म्हणावं, बापानं दिलंय. ताडून बघा."

कोपराच्या आतल्या बाजूला, जरा बाहेरच्या अंगाला, शीर दिसत होती. इतकी वर्षं मी लोकांची रक्तं काढत फिरले आणि माझ्या बापाचा हात कधी उलटा करून बघितला नव्हता.

"बाबा, ते काम संपलं," मी म्हटलं. "आता घेत नाहीत."

त्यांनी मान हलवली, कळल्यासारखी. पण हात उचलला नाही. संध्याकाळी मी चहा करून समोर ठेवला तेव्हाही बाही तशीच वर होती.